पाणकर, पायली आणि वीस मिलीअँपिअर

दिवाळी उलटली की गोंदियाच्या राईस मिलमध्ये भरडाईचा हंगाम रंगात येतो. धान ओतले जाते, तूस उडते, कोंडा वेगळा होतो, कणी चाळली जाते आणि सगळ्यात शेवटी तांदूळ एका उंच यंत्राच्या डोक्यावरून खाली सोडला जातो. मिलमध्ये या यंत्राला सगळे ‘सॉर्टेक्स’ म्हणतात. हे मुळात लंडनच्या एका कंपनीचे नाव, पण यंत्र कुठल्याही कंपनीचे असो, आपल्याकडे ते सॉर्टेक्सच. तांदळाच्या धंद्याला असली नावे चिकटवायची सवयच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेल्या वाणाला ‘एचएमटी’ हे नाव मनगटी घड्याळावरून पडले आणि आज आपण तेच नाव घेऊन तांदूळ मागतो.

सॉर्टेक्समध्ये दाणे एका उतरत्या पन्हळीवरून रांगेने घसरत येतात आणि तिच्या टोकाशी हवेत मोकळे पडतात. तिथे दोन्ही बाजूंनी दिवे आणि कॅमेरे असतात. कॅमेऱ्याला एखादा दाणा काळा, पिवळट किंवा डागी दिसला की पुढच्या क्षणी बारीक तोंडातून दाबाची हवा सुटते आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. हा ‘क्षण’ किती लहान असतो ते पाहा. दाणा सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने पडत असेल, तर ६ मिलिमीटर लांबीचा दाणा कॅमेऱ्यासमोरून दीड मिलिसेकंदात निघून जातो. घरच्या विजेवर चालणाऱ्या साध्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, म्हणजे एक चढउतार १० मिलिसेकंदांचा. तेवढ्या वेळात एकामागोमाग सहा दाणे निघून जातील, काही उजेडात, काही अर्धवट अंधारात. कॅमेऱ्याला दाण्याची जात कळत नाही, त्याला फक्त उजेड मोजता येतो. दिवा मंदावला की चांगला पांढरा दाणाही त्याला पिवळा दिसणार आणि चांगला माल नाकारलेल्या पोत्यात पडणार.

म्हणून तिथे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि त्यांना ठरलेला करंट द्यावा लागतो, मिलीअँपिअरमध्ये मोजून. शिवाय तो बदलता आला पाहिजे. उकड्या तांदळाला एक उजेड लागेल, कच्च्याला दुसरा. पडद्यावर आकडा टाकला की तेवढाच करंट आणि मग मे महिन्याच्या उन्हात पत्र्याची शेड तापली तरी तेवढाच. आकडा देऊन करंट घेणारी ही सर्किटे आज बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर मावतात. ती कशी घडवतात ते सावकाश पाहू.

आधी एक शंका दूर करावी लागेल. आपल्या घरी येते ते व्होल्टेज. बॅटरीवर व्होल्ट लिहिलेले असतात, चार्जरवरही. मग एलईडीला सरळ ठरलेले व्होल्टेज का देऊ नये?

गोंदिया-भंडाऱ्याचा माणूस याचे उत्तर तलावाच्या पाळीवर उभा राहून देऊ शकतो. आपल्याकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी समाजाच्या हातची कारागिरी. तलावातून पाणी काढण्यासाठी पाळीत तुडूम असते. बूच काढले की पाणी नहरात येते. पण किती येते? ते तलाव किती भरला आहे यावर ठरते. ऑगस्टमध्ये तुडुंब तलावातून भोकाबाहेर पाणी जोरात उसळते, नोव्हेंबरमध्ये त्याच भोकातून ते कसेबसे वाहते. तलावाची पातळी म्हणजे व्होल्टेज आणि नहरातले पाणी म्हणजे करंट. शेतकऱ्याला पातळीशी देणेघेणे नसते, त्याच्या बांधीत किती पाणी पडले ते त्याला हवे असते.

एलईडीचा हट्ट तर याहून वाईट. तिच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज एका मर्यादेपर्यंत वाढवत नेले तरी ती ढिम्म असते, मग एकदम पाट फुटल्यासारखी वाहू लागते. त्या मर्यादेजवळ व्होल्टचा दहावा हिस्सा इकडेतिकडे झाला तरी करंट दीडपट, दुप्पट होतो. शिवाय ती मर्यादाच उष्णतेने खाली सरकते. एका अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट किंवा त्याहून थोडी जास्त. व्होल्टेज ठरलेले ठेवले तर एलईडी तापली की करंट वाढतो, करंट वाढला की ती आणखी तापते. या फेऱ्यातून दिवा जळूनच बाहेर पडतो.

तलावावर यावर उपाय होता पाणकर, म्हणजे पाणी सोडणारा माणूस. तो तलावाची पातळी पाहत बसत नसे. तो नहराकडे पाहायचा. पाणी कमी वाटले की बूच थोडे आणखी काढायचे, जास्त झाले की दाबायचे. स्थिर करंट देणाऱ्या बहुतेक सर्किटांच्या पोटात असा एक पाणकर बसलेला असतो. वाहणाऱ्या करंटच्या वाटेत एक लहान रेझिस्टर ठेवायचा. करंट वाहिला की त्याच्या टोकांवर तितक्या प्रमाणात व्होल्टेज तयार होते. ते व्होल्टेज एका ठरलेल्या व्होल्टेजशी ताडून पाहायचे आणि फरक दिसला की ट्रान्झिस्टर उघडायचा किंवा मिटायचा. नहरात रोवलेली खुणेची काठी म्हणजे हा रेझिस्टर.

हे घरच्या टेबलावर करून पाहता येते. एलएम ३१७ नावाची तीन पायांची आयसी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. बॉब डॉबकिन यांनी ती १९७६ मध्ये नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये घडवली. तिचा स्वभाव एकच. आपल्या ‘आउट’ आणि ‘अ‍ॅडजस्ट’ या दोन पायांमध्ये ती नेहमी १.२५ व्होल्टचे अंतर राखते. या दोन पायांमध्ये ६२ ओहमचा रेझिस्टर लावा आणि करंट ‘अ‍ॅडजस्ट’च्या बाजूने बाहेर घ्या. १.२५ भागिले ६२, म्हणजे २० मिलीअँपिअर. आता १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर मीटरच्या वाटेने एक लाल एलईडी जोडा: २०. दोन ओळीने जोडा: २०. तीन, चार: तरीही २०. पाचवी जोडली की आकडा कोसळतो. कारण प्रत्येक लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, आयसीला स्वतःसाठी आणि रेझिस्टरसाठी मिळून सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि १२ व्होल्टच्या तलावात तेवढे पाणीच उरलेले नसते. पाणकर कितीही दक्ष असला तरी आटलेल्या तलावातून नहर भरू शकत नाही. या मर्यादेला अभियंते ‘कम्प्लायन्स’ म्हणतात. पुढे तिरोड्याच्या वीजकेंद्राकडे गेल्यावर ती पुन्हा भेटेल.

पण खरा प्रश्न तो १.२५ चा आहे. पाणकराने काठी पाहून बूच हलवले, ठीक. काठीवरची खूण कोणी मारली? आणि ती उन्हाने सरकत का नाही? सिलिकॉनमधली जवळपास प्रत्येक गोष्ट उष्णतेने सरकते.

या कोड्याचे उत्तर मला संपूर्ण इलेक्ट्रॉनिक्समधल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते, म्हणून इथे थोडे रेंगाळू. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांमध्ये ०.६५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असते. ते तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. हा झाला खाली जाणारा गडी. आता दोन ट्रान्झिस्टर घ्या, एक दुसऱ्याच्या आठपट मोठा. दोघांतून सारखाच करंट सोडा. मोठ्यात गर्दी कमी, म्हणून त्याचे व्होल्टेज लहानापेक्षा थोडे कमी भरते. २७ अंश सेल्सिअसला हा फरक सुमारे ५४ मिलिव्होल्ट असतो. गंमत अशी की हा फरक तापमानाबरोबर वाढतो, अंशाला साधारण ०.१८ मिलिव्होल्ट. हा झाला वर जाणारा गडी, पण अगदीच अशक्त. त्याला अकरापट बळ दिले की तो अंशाला २ मिलिव्होल्टने वर चढू लागतो, म्हणजे पहिला जितका घसरतो तितकाच. दोघांची बेरीज करा. ०.६५ अधिक ०.६०, म्हणजे १.२५ व्होल्ट. थंडीतही तेवढीच, उन्हातही तेवढीच. ही बेरीज भलत्याच आकड्यावर येत नाही. सिलिकॉनच्या अणूंमध्ये बांधलेला इलेक्ट्रॉन सुटा करायला जी ऊर्जा लागते, तिच्याशी हा आकडा जोडलेला आहे. म्हणून या सर्किटाला ‘बँडगॅप रेफरन्स’ म्हणतात.

फेअरचाइल्ड कंपनीतल्या डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये या वाटेचे पहिले पाऊल टाकले. १९७० च्या सुमारास बॉब विडलर यांनी ती कल्पना विकण्याजोग्या आयसीत उतरवली आणि १९७४ मध्ये पॉल ब्रोकॉ यांनी तिला आज सर्वत्र दिसणारे सुटसुटीत रूप दिले. विडलर हे अवलिया गृहस्थ. काटकसरीपायी नॅशनल सेमिकंडक्टरने आवारातले गवत कापणे थांबवले, तेव्हा त्यांनी गाडीत घालून एक मेंढी आणली आणि हिरवळीवर चरायला सोडली. इतक्या स्थिर सर्किटाचा कर्ता इतका अस्थिर असावा, हेही बरेच झाले.

तर खूण मिळाली. आता करंटला आकड्याने हुकूम कसा द्यायचा? कल्पना सोपी आहे. १.२५ व्होल्टचे ४०९६ समान तुकडे करायचे आणि संगणकाने सांगितले तितके तुकडे पाणकराच्या हाती खूण म्हणून द्यायचे. हे काम करणाऱ्या भागाला ‘डॅक’ म्हणतात, अंकाचे प्रत्यक्ष विजेत रूपांतर करणारा. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, म्हणून तो १२ बिटांचा. पूर्ण खुणेला २० मिलीअँपिअर वाहतील असा ६२.५ ओहमचा रेझिस्टर लावला, तर एका तुकड्याला जवळपास ४.९ मायक्रोअँपिअर येतात. ८१९ हा आकडा दिला की ४ मिलीअँपिअर, २४५८ दिला की १२.

पाणकराच्या जागी ऑप-अँप आणि तुडुमाच्या जागी मॉसफेट ट्रान्झिस्टर. जुन्या पद्धतीचा ट्रान्झिस्टर इथे चालतो, पण त्याच्या बेसमधून शिरलेला थोडा करंट खुणेच्या रेझिस्टरमधून जातो आणि दिव्यातून मात्र गेलेला नसतो. म्हणजे काठीपाशी मोजलेले पाणी आणि बांधीत पडलेले पाणी यांत तफावत. मॉसफेटचे गेट करंट खातच नाही म्हटले तरी चालेल, म्हणून हिशेब चोख राहतो.

कागदावर सर्किट इथे संपते, पण खरी मेहनत इथून सुरू होते. रेझिस्टरचेच घ्या. गोंदियात जानेवारीच्या पहाटे पारा १० च्या खाली जातो आणि मेमध्ये ४५ च्या वर. यंत्राच्या पेटीतला फरक सहज ४० अंशांचा. साध्या रेझिस्टरची किंमत अंशाला दहा लाखांत १०० भाग सरकते. ४० अंशांत ४,००० भाग, म्हणजे ०.४ टक्के. २० मिलीअँपिअरवर ही चूक ८० मायक्रोअँपिअर होते, आपल्या तुकड्यांत सांगायचे तर १६ तुकडे. ४०९६ तुकड्यांचा डॅक घेऊन त्यातले १६ तुकडे उन्हाने खाल्ले. अंशाला १० भाग सरकणारा चांगला रेझिस्टर लावला तर चूक दीड-पावणेदोन तुकड्यांवर येते. सर्किट दुरुस्त करताना कोणी ‘ओहम तर तेवढेच आहेत’ म्हणून स्वस्तातला रेझिस्टर डकवतो, तेव्हा हाच घोटाळा होतो आणि तो हिवाळ्यात दिसत नाही.

दुसरी अडचण पाणकराच्या नजरेची. ऑप-अँपलाही १ मिलिव्होल्टएवढा दृष्टिदोष असू शकतो. खूण १.२५ व्होल्टची असताना तो ०.०८ टक्का, म्हणजे किरकोळ. पण ४ मिलीअँपिअरला खूण पाव व्होल्टचीच असते आणि तोच दोष ०.४ टक्के होऊन बसतो. मग रेझिस्टर मोठा करून खूण उंच का घेऊ नये? घ्या, पण तितके व्होल्ट रेझिस्टर स्वतःच गिळणार, तापणार आणि दिव्यांसाठी तलावात कमी उरणार. कुठे थांबायचे हे सूत्राने ठरत नाही, डिझाइन करणाऱ्याने सगळ्या बाजू पाहून ठरवायचे असते.

तिसरी मला फार आवडते. पाणकर तलावाशी आणि काठी अर्धा मैल दूर नहरावर, अशी कल्पना करा. कोणीतरी ओरडून सांगतो, ‘पाणी कमी आहे.’ तो बूच काढतो, पण पाणी पोचायला वेळ लागतो. तोवर दुसरी हाक येते, ‘अजून कमीच आहे.’ तो आणखी काढतो. मग एकदम लोंढा येतो. ‘बंद कर!’ तो सगळे दाबतो. दुष्काळ, लोंढा, दुष्काळ, लोंढा. सर्किटातही मॉसफेटच्या गेटला भरायला-रिकामे व्हायला वेळ लागतो, लांब तारा आणखी उशीर करतात आणि स्थिर करंटऐवजी थरथरणारा करंट मिळतो. उपाय असा की पाणकराला थोडे आळशी करायचे. एक लहान कपॅसिटर लावून त्याची प्रत्येक हालचाल मंद करतात. फार मंद केला तर आकडा बदलल्यावर दिवा वेळेवर बदलत नाही, कमी केला तर थरथर जात नाही.

आतापर्यंतचे सर्किट सुट्या भागांचे होते. आयसीच्या आत गेलो की एक विचित्र परिस्थिती समोर येते. तिथे नेमक्या किमतीचा रेझिस्टर बनवताच येत नाही. १,००० ओहमचा म्हणून कोरलेला रेझिस्टर ८५० चा निघेल किंवा १,१५० चा. मग अचूकता कुठून आणायची?

आपल्याकडे बटईच्या शेतातले धान पायलीने मोजून वाटतात. समजा पायली खोटी आहे, ठरल्या मापापेक्षा लहान. बाजारात विकायला गेलात तर फसाल. पण त्याच पायलीने दोघांना पन्नास-पन्नास मोजून दिले, तर वाटणी बरोबरच होते. सिलिकॉनची पायली अशीच खोटी असते, पण एका चिपवर शेजारी-शेजारी कोरलेल्या सगळ्या पायल्या एकसारख्या खोट्या असतात. किंमत १५ टक्क्यांनी चुकेल, पण दोन शेजाऱ्यांमधले प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत राहू शकते. अ‍ॅनालॉग आयसीची सारी विद्या या एका गोष्टीवर उभी आहे: मापावर विसंबू नका, प्रमाणावर विसंबा. बँडगॅपमधला ‘आठपट’ आठवा, तेही प्रमाणच होते.

म्हणून चिपच्या आत करंटची नक्कल करतात. एका ट्रान्झिस्टरमधून नेमका करंट वाहवायचा, त्याच्या गेटचे व्होल्टेज शेजारच्या तशाच ट्रान्झिस्टरला द्यायचे, म्हणजे तोही तेवढाच करंट वाहतो. याला ‘करंट मिरर’ म्हणतात, करंटचा आरसा. शेजारी दुप्पट रुंद केला की प्रतिबिंब दुप्पट. साधा आरसा मात्र थोडा वाकडा असतो. नक्कल करणाऱ्या ट्रान्झिस्टरवरचे व्होल्टेज वाढले की करंटही किंचित वाढतो, म्हणजे पातळीचा परिणाम पुन्हा मागच्या दाराने आत येतो. १९६७ मध्ये टेक्ट्रॉनिक्स कंपनीत जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांनी आपसात पैज लावली, तीनच ट्रान्झिस्टर वापरून अधिक चांगला आरसा एका रात्रीत कोण घडवतो. विल्सन जिंकले आणि ‘विल्सन मिरर’ आजही पाठ्यपुस्तकात आहे. मॉसफेटच्या जगात ट्रान्झिस्टरवर ट्रान्झिस्टर रचून तेच साधतात, वरचा सगळे हेलकावे अंगावर झेलतो, खालच्याला शांतता मिळते.

आता वेगवान डॅक याच आरशांनी बनवतात. तुडुमाला चार भोके आहेत असे समजा, एक मापाचे, दोन मापांचे, चारचे आणि आठचे. कुठली उघडायची हे ठरवून शून्यापासून पंधरापर्यंत कितीही माप पाणी सोडता येते. चार भोकांत सोळा पर्याय, किती काटकसर! पण सात मापांवरून आठवर जाताना काय होते पाहा. चार, दोन आणि एक ही तीन भोके बंद करायची आणि आठचे उघडायचे. आठचे भोक कोरताना जरा लहान राहिले असेल, साडेसहा मापांचे, तर हुकूम सातवरून आठवर गेला आणि पाणी मात्र घटले. सॉर्टेक्सच्या पडद्यावर उजेडाचा आकडा वाढवावा आणि दिवा मंद व्हावा, असा हा प्रकार. शिवाय तीन मिटताना आणि एक उघडताना क्षणभर चारही उघडी किंवा चारही बंद असू शकतात. तेवढ्यात करंटला जो ठसका लागतो तो वेगळाच.

यावर उतारा म्हणजे पंधरा सारखी भोके. एकेक करून उघडत जायचे, बंद कोणतेच करायचे नाही. एखादे लहानमोठे असले तरी पाणी वाढतच जाणार, घटणार कधीच नाही. पारा चढावा तसे हे चढते, म्हणून याला ‘थर्मामीटर कोड’ म्हणतात. फक्त १२ बिटांसाठी अशी ४०९५ भोके लागतील. म्हणून व्यवहारी माणूस मधला मार्ग काढतो. वरचे चार-सहा बिट सारख्या भोकांनी, खालचे बारीक बिट काटकसरीच्या भोकांनी. आणखी एक युक्ती: चांगला डॅक भोक बंद करतच नाही. नको असलेला करंट दुसऱ्या वाटेने वाया सोडतो, कारण थांबवलेला करंट पुन्हा सुरळीत व्हायला वेळ घेतो.

सारखी भोके खरोखर सारखी कशी कोरायची? फिलिप्समधल्या मार्सेल पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याचा नियम मोजून मांडला. शेजारच्या ट्रान्झिस्टरमधली तफावत क्षेत्रफळाच्या वर्गमूळाने घटते. तफावत निम्मी हवी तर क्षेत्रफळ चौपट द्या. सिलिकॉनची जागा बांधकामाच्या प्लॉटपेक्षा महाग असते, त्यामुळे एकेक बिट वाढवणे म्हणजे काय ते कळते. दुसरा उपाय मांडणीचा. बांधीच्या एका टोकाला ओल जास्त असते, दुसऱ्याला कमी. दोन वाणांची तुलना करायची तर एक वाण ओल्या टोकाला आणि दुसरा कोरड्या टोकाला रोवून चालत नाही. पहिला, दुसरा, दुसरा, पहिला अशा ओळींनी रोवणी केली की दोघांच्या वाट्याला सरासरी सारखी ओल येते. चिप आखणारे ट्रान्झिस्टर नेमके असेच रोवतात.

एवढे करूनही प्रत्येक चिप किंचित चुकतेच. मग कारखान्यातून बाहेर पडण्याआधी ती मोजतात आणि तिची चूक तिच्यातच लिहून ठेवतात, ‘तू ०.३ टक्के जास्त देतेस, तेवढे वजा कर.’ याला ट्रिमिंग म्हणतात. लिहिण्यासाठी चिपवरच एकदाच लिहिता येणारी, वीज गेली तरी न पुसणारी छोटी मेमरी लागते. या कामी महाराष्ट्राचा थेट वाटा आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने अशी मेमरी घडवली आणि मोहालीच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीने, म्हणजे एससीएलने, आपल्या १८० नॅनोमीटर तंत्रात ट्रिमिंगसाठी तिची ८ बिटांची आवृत्ती उत्पादनात स्वीकारली. ही बातमी २०२१ ची. मोबाइलच्या प्रोसेसरपुढे ८ बिट म्हणजे काहीच नव्हे, असे वाटेल. पण ८ बिटांत २५६ पायऱ्या असतात आणि चुकलेल्या चिपला वाटेवर आणायला तेवढ्या पुष्कळ होतात. १८० नॅनोमीटरही मागासलेले मानू नये. अ‍ॅनालॉगच्या कामात लहान ट्रान्झिस्टरचा हव्यास नसतो, हे पेलग्रोम यांच्या नियमाने नुकतेच सांगितले.

मिलमधून निघून तुमसरच्या वाटेने तिरोड्याकडे गेलात तर वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॉट, २०१२ ते २०१४ या काळात उभे राहिलेले. पाणी वैनगंगेचे. संच ‘सुपरक्रिटिकल’ आहेत, म्हणजे बॉयलरमधला दाब २२१ बारच्या पलीकडे, जिथे पाणी आणि वाफ हा भेदच उरत नाही. असल्या कोणत्याही केंद्रात दाब, तापमान, पातळी, झडपेची उघडीप या बातम्या नियंत्रण कक्षापर्यंत नेण्याची सर्वांत रुळलेली भाषा म्हणजे ४ ते २० मिलीअँपिअर. दाब मोजणारा ट्रान्समीटर आपल्याच पोटातल्या डॅकला आकडा देतो आणि दोन तारांतून त्या प्रमाणात करंट वाहतो. शून्याला ४, पूर्णाला २०, निम्म्याला १२.

व्होल्टेज का नाही? तारेमुळे. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, जाऊन-येऊन २४. उन्हात तो २८ होतो. व्होल्टेजचा काही हिस्सा वाटेत झडेल, आणि उन्हाळ्यात वेगळा, हिवाळ्यात वेगळा. करंट वाटेत झडत नाही. एका टोकाने जितका शिरला तितकाच दुसऱ्या टोकाने निघतो. नियंत्रण कक्षात २५० ओहमचा रेझिस्टर लावला की त्याच्यावर १ ते ५ व्होल्ट मिळतात. मात्र हिशेब मांडावा लागतो. २४ व्होल्टच्या पुरवठ्यातले, समजा, १२ ट्रान्समीटरला हवेत, ५ त्या रेझिस्टरला, अर्धा तारेला. साडेसहा उरले. कोणी मध्येच आणखी दोन-तीन उपकरणे ओवली तर तो उरलेला साठा संपतो. मग २० चा हुकूम असूनही तारेतून १७ च वाहतात आणि बॉयलरचा दाब पडद्यावर खऱ्यापेक्षा कमी दिसतो. टेबलावरची पाचवी लाल एलईडी आठवते ना?

आणि शून्याला ४ च का? करंटच्या आधी हीच कामे हवेच्या दाबाने होत, ३ ते १५ पौंडांच्या नळ्यांनी. ३ आणि १५, ४ आणि २०: प्रमाण तेच. खरा फायदा असा की शून्य करंट म्हणजे तार तुटली हे लगेच कळते. यंत्र बिघडले तर ते मुद्दाम ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर जाते. म्हणून डॅकची पूर्ण खूण २० वर न ठेवता थोडी पुढे ठेवतात, नाहीतर ‘मी बिघडलोय’ हे सांगायला आकडाच उरत नाही. आणि त्या ४ मिलीअँपिअरवर ट्रान्समीटरचे पोटही भरते. त्याला वेगळी वीज नसते. मोजणे, हिशेब करणे, पाणकराचा पगार, सगळे ३.६ च्या आत भागवावे लागते. म्हणून त्याचा खुणेचा रेझिस्टर परतीच्या वाटेवर ठेवतात, त्याने स्वतः खाल्लेला करंटही त्यातूनच जातो आणि बेरजेत धरला जातो.

मिलमध्ये मात्र एक गोष्ट करंटने सुटत नाही. करंट तंतोतंत तेवढाच राहिला तरी एलईडी वापराने म्हातारी होते आणि तेवढ्याच करंटला कमी उजेड देऊ लागते. काचेवर कोंड्याची धूळ बसते ती निराळी. म्हणून चांगल्या सॉर्टेक्समध्ये कॅमेऱ्यासमोर अधूनमधून एक पांढरी पट्टी येते. कॅमेरा तिच्याकडे पाहतो, ती ठरल्याइतकी पांढरी दिसली नाही तर आपली संवेदना वाढवतो किंवा डॅकला थोडा वरचा आकडा देतो. पाणकरावर हा दुसरा पाणकर. आधी काच पुसावी, मग आकडा पाहावा. हंगामागून हंगाम तो आकडा वर सरकत जातो आणि एक दिवस ४०९५ ला जाऊन टेकतो. तेव्हा दिव्याची पट्टी बदलायची.